सोलापुरातल्या वर्गशिक्षकांना खुले पत्र: ज्यांच्या घरी कॅन्सर आहे त्या मुलांविषयी

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांचे व कनिष्ठ महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, प्राचार्य आणि सर्व वर्गशिक्षक

सर, बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलं असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि जूनच्या सुरुवातीला टेप आणि वही घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसते, ती गणवेशवाली. सोलापूरचे गणवेश देशभर जातात, त्यांची मोठमोठी युनिटं आहेत. माझं तसलं काही नाही. घराच्या वरच्या खोलीत चार मशिनी, एक ओव्हरलॉक आणि कामाला तिघीजणी. पण चौदा वर्षं तुमच्या मुलांची उंची, छाती, कंबर वहीत लिहिते आहे. कोण कधी ताडमाड झालं आणि कोण वाढायचं थांबलं, हे मला त्या वहीतून कळतं.

२०२३च्या गणपतीत मला डाव्या छातीत गाठ लागली. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं, दिवाळी उरकल्यावर केमो सुरू झाली. आधी दर एकवीस दिवसांनी एक अशा चार, मग दर आठवड्याला एक अशा बारा, आणि शेवटी मे महिन्यातल्या आपल्या उन्हात रेडिएशन. थोरली तेव्हा दहावीला होती, धाकटा आठवीत.

माझ्या मागे माणसं पुष्कळ होती. डॉक्टर, सिस्टर, महात्मा फुले योजनेचे कागद घेऊन धावणारे दीर, डबा पाठवणाऱ्या शेजारणी. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, "आई कशी आहे?" दार उघडायची माझी मुलं. "तू कसा आहेस, तू कशी आहेस" असं त्यांना कुणी विचारलं, ते आठवून बघितलं. दोनच माणसं निघाली. एक थोरलीच्या वर्गशिक्षिका, दुसरा धाकट्याचा मित्र. वय वर्षं तेरा.

आधी आमच्या घराची चूक सांगते. आम्ही मुलांना 'गाठ' म्हणालो, 'ऑपरेशन' म्हणालो, 'इंजेक्शनं' म्हणालो. 'कॅन्सर' हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढला नाही. वन्सं तर फोनवर 'ते' म्हणायच्या, आवाज खाली आणून. दहावीचं वर्ष आहे, पोरीचं लक्ष उडेल, परीक्षा झाल्यावर सांगू, असं ठरलं होतं. थोरलीनं फाइलमधून डॉक्सोरुबिसिन हे केमोच्या औषधाचं नाव वाचलं आणि रात्री पांघरुणात मोबाइलवर शोधलं. आम्ही सांगायच्या अकरा दिवस आधीपासून तिला सगळं माहीत होतं. त्या अकरा दिवसांत ती आमच्यासमोर हसत जेवली. नंतर मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "बरी होणार असतीस तर तुम्ही सांगितलंच असतं ना. सांगत नव्हता, म्हणून मला वाटलं तू जाणार."

त्या औषधाचा रंग लाल असतो आणि दिल्यानंतर दिवसभर, कधी दोन दिवस, लघवीला तांबूस रंग येतो. सिस्टरनं मला सांगितलं होतं, मी ह्यांना सांगितलं होतं. धाकट्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं संडासात लाल पाणी पाहिलं आणि रक्त समजून गप्प बसला. रेडिएशन सुरू झालं तेव्हा माझ्यापासून हातभर लांब बसायला लागला. मला वाटलं, वयात येतोय, आईजवळ बसायची लाज वाटत असेल. त्याला वाटत होतं की माझ्या अंगातून किरणं बाहेर येतात. बाहेरून मशीननं दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही, माझ्या शेजारी बसून त्याला काही होणार नव्हतं, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं त्याला जूनमध्ये मिळाली.

आणि जानेवारीतली गोष्ट. तिसऱ्या केमोनंतर आठ-दहा दिवसांनी मला एकशे एक ताप आला. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात तेव्हा असा ताप घरी अंगावर काढायचा नसतो, म्हणून लगेच ॲडमिट केलं. गड्ड्याचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस होते. बाहेर नंदीध्वज निघालेले, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हॉस्पिटलच्या खिडकीपर्यंत ऐकू येत होतं आणि मी सलाइनला. त्याच्या आदल्या आठवड्यात धाकट्याला सर्दी झाली होती. माझ्यामुळेच आईला ताप आला, असं त्यानं मनाशी धरलं. डॉक्टर म्हणाले होते, असा ताप बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्याच शरीरातल्या जंतूंमुळे येतो. पण डॉक्टर हे मला म्हणाले होते. शाळा सुरू झाल्यावर त्या आठवड्यात त्यानं वर्गातल्या एका मुलाला बडवलं. त्याच्या वहीवर लाल शाईत शेरा आला: वर्तनात सुधारणा हवी, पालकांनी येऊन भेटावे. येणार कोण? हे कारखान्यातून सुटून दवाखान्यात, मी खाटेवर.

शेरा लिहिणाऱ्या सरांना दोष देत नाही. त्यांना काही माहीतच नव्हतं, आणि ते आमच्यामुळे.

या वयाचं कोडं हेच आहे. पाच वर्षांचं पोर घाबरलं तर आईला येऊन चिकटतं. चौदा वर्षांचं पोर घाबरलं तर बाहेर जातं, आवाज चढवतं, नाहीतर इतकं शहाण्यासारखं वागतं की पाहुणे कौतुक करून जातात. घरापासून सुटं व्हायचं वय असतं आणि नेमकं तेव्हाच आजारपण त्याला ओढून घरात बसवतं. बाहेर गेलं तर अपराधी वाटतं, घरात थांबलं तर कोंडल्यासारखं होतं. धाकटा एकदा म्हणाला होता, "तू टोपी घालून शाळेत येऊ नको." मी दोन दिवस रडले. आता वाटतं, बरोबरच होतं त्याचं. शाळा ही त्याची एकच जागा उरली होती जिथे माझा आजार आलेला नव्हता.

थोरलीचं वेगळं. मुलगी असली की आजारी आईचं घर आपोआप तिच्या अंगावर येतं. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते कधी रात्री एकला, कधी पहाटे चारला, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते भरायचं काम माझं होतं, ते तिच्याकडे गेलं. भाकरी तिच्याकडे, भावाचा डबा तिच्याकडे, आजीच्या गोळ्या तिच्याकडे. आलेली प्रत्येक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "आता तूच घरातली मोठी." सोळाव्या वर्षी. पहिल्या तासाला ती पेंगत असे, त्याचं कारण अभ्यासाचा कंटाळा नव्हता.

हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाही, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत ग्रँट आणि कॉम्पस या संशोधकांनी १९९५ साली छापलेल्या अभ्यासात हेच आलं आहे: आई-वडिलांपैकी कुणाला कॅन्सर झालेल्या किशोरवयीन मुलांमध्ये सगळ्यात जास्त चिंता आणि उदासी आजारी आयांच्या मुलींमध्ये दिसली, आणि त्यामागे घरातल्या वाढलेल्या जबाबदाऱ्या होत्या. तिथे नळाला रोज पाणी येतं, तरीही.

दहावीच्या निरोप समारंभाला साडी नेसायची म्हणून मी तिच्या ब्लाउजचं माप घेतलं. हात दुखत होता, पण माप मीच घेणार म्हणून हट्ट केला. जूनमध्ये गणवेशाला घेतलेलं माप वहीत होतं. कंबर दोन इंचांनी कमी. मी टेप पुन्हा लावली. इतके महिने घरात सगळे माझं वजन बघत होते.

आता शाळेबद्दल. एक प्रसंग सांगते, शाळेचं नाव सांगणार नाही, कारण हेतू चांगलाच होता. एके दिवशी परिपाठात माइकवरून सांगितलं गेलं की आपल्या शाळेतल्या अमुक विद्यार्थिनीच्या आईला कॅन्सर झाला आहे, तिच्यासाठी आपण सगळे दोन मिनिटं प्रार्थना करू. आठशे मुलं डोळे मिटून उभी राहिली. माझी मुलगी डोळे उघडे ठेवून उभी होती. मधल्या सुट्टीत मुली डबा घेऊन तिच्याकडे आल्या त्या एकदम वेगळ्या आवाजात बोलायला लागल्या. एकीनं विचारलं, "केस गेले का गं?" दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिला ७५ टक्के हजेरीची भीती वाटत होती तरी नाही.

तिला परत आणलं ते तिच्या वर्गशिक्षिकांनी. त्या घरी आल्या, माझ्याशी पाच मिनिटं बोलल्या आणि मग जिन्यात बसून तिच्याशी. बाईंनी काय केलं ते सांगते, कारण मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. आधी त्यांनी विचारलं, "कुणाकुणाला माहीत असलेलं तुला चालेल?" तिनं तीन शिक्षकांची नावं घेतली. बाकीच्यांना काही सांगायचं नाही, असं ठरलं. मग एक खूण ठरली. वर्गात बसवेनासं झालं तर तिनं उठून म्हणायचं, "बाई, हजेरीपट ऑफिसात देऊन येऊ?" हजेरीपट आधीच गेलेला असला तरी बाई हो म्हणणार. ती पाणी पिऊन, तोंड धुऊन दहा मिनिटांनी परत येणार, कुणी विचारणार नाही. केमोच्या दिवशी तिचा मोबाइल बंद करून बाईंच्या कपाटात राहायचा आणि मधल्या सुट्टीत ती एक फोन करायची. शाळेचा नियम मोडला का? थोडा वाकवला. वर्षभरात तिनं ती हजेरीपटाची खूण किती वेळा वापरली असेल? चारदा. दार उघडं आहे एवढं माहीत असलं की माणूस आत बसू शकतो.

आणखी एक केलं, ते मला फार उशिरा कळलं. बाईंनी तिला गृहपाठातून सूट दिली नाही. मुदत वाढवून दिली, वह्या मात्र तपासल्या. एकदा भूगोलाच्या सरांनी नकाशा अपुरा म्हणून तिला सगळ्यांबरोबर झापलं. घरी येऊन ती मला हसत सांगत होती, "आज सर मला ओरडले." कित्येक आठवड्यांत तिला कुणी ओरडलंच नव्हतं.

धाकट्याच्या मित्राचं तर काय सांगू. तो रोज साडेपाचला खाली सायकल आडवी लावून हाक मारायचा, "काय करलालास बे? चल की!" आत कधी आला नाही, माझी चौकशी केली नाही. पोराला घेऊन मैदानावर जायचा आणि अंधार पडला की आणून सोडायचा. मला त्या वेळी राग यायचा, घरात आई अशी पडलेली आणि हा क्रिकेट खेळतो. एकदा मी धाकट्याला तसं बोलूनही दाखवलं. ते शब्द परत घेता आले तर बरं झालं असतं. एके दिवशी त्या मुलानंच धाकट्याला विचारलं होतं, "तुला झोप येती का रे रात्री?" हे मला सहा महिन्यांनी कळलं.

एका वेगळ्या गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे, ती सहसा कुणाच्या मनात येत नाही. आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर किती आहे ते तुम्ही जाणता. मावा, तंबाखू, विडी, सगळं गल्लीच्या तोंडाशी. शाळेत तंबाखूमुक्तीचे कार्यक्रम होतात, शपथ होते, ते व्हायलाच हवेत. पण त्यात भिंतीवर जे फोटो दाखवतात, सडलेला जबडा, गालाला पडलेलं भोक, ते बघणाऱ्या वर्गात एखादं पोर असं असतं ज्यानं तोच चेहरा सकाळी घरी पाहिलेला असतो. माझ्याकडे काज-बटणाला येणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा जबडा काढला आहे, नाकातल्या नळीनं पेज जाते. त्यांचा मुलगा नववीत. असा फोटो लागला आणि वक्ते म्हणाले, "व्यसन करणाऱ्याला देव अशी शिक्षा देतो." पोरगा उठून गेला. न विचारता वर्ग सोडला म्हणून त्याला उभं केलं. बापाचा त्याला आधीच राग आहे, लाज आहे, आणि रोज ती नळी धुतोही तोच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन "उद्या असं असं दाखवणार आहोत, तुला बसायचं आहे की ग्रंथालयात थांबतोस?" एवढं विचारलं असतं तर पुरे होतं. आणि शिक्षा हा शब्द वगळला असता तर फारच बरं.

तसाच 'माझी आई' हा निबंध. वर्षानुवर्षं चालत आलेला विषय आहे, ठेवा खुशाल. फक्त जोडीला दुसरा एखादा विषय द्या.

प्रत्येक घरात आमच्यासारखं होत नाही, हेही लिहायला हवं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीची आई गेली. चौदाव्याला सगळं आटोपून पंधराव्या दिवशी ती वर्गात शिरली आणि अख्खा वर्ग गप्प झाला. ती म्हणते, आई गेली त्यापेक्षा त्या शांततेची मला जास्त भीती वाटली. अशा वेळी आदल्या संध्याकाळी कुणीतरी घरी जावं, उद्या कुणाशेजारी बसायचं आहे ते विचारावं, आणि शक्य तर त्या मैत्रिणीनं तिला घरापासूनच बरोबर आणावं. शिक्षकांनी "मला कळलं, फार वाईट वाटलं" एवढं वर्गाबाहेर म्हणावं आणि मग धडा सुरू करावा. बारावीत जाऊनही त्या मुलीला तो दिवस तासासकट आठवतो.

समुपदेशक प्रत्येक शाळेत नसतात, हे मी जाणते. पण १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. १०९८ हा मुलांसाठीचा. हे दोन आकडे सूचनाफलकावर लावायला खडूसुद्धा लागत नाही. मात्र नंबर देऊन मोकळे होऊ नका. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला चौदा वर्षांच्या मुलाला जे धैर्य लागतं, ते ओळखीच्या शिक्षकानं शेजारी बसून आणावं लागतं.

ऑस्ट्रेलियात १९८५पासून 'कँटीन' नावाची संस्था आहे. स्वतःला, आई-वडिलांना किंवा भावंडाला कॅन्सर झालेल्या १२ ते २५ वर्षांच्या मुलांना ती एकत्र आणते. नाव ऐकून धाकटा म्हणाला, वडापाव मिळतो का तिथे. पण मग बराच वेळ विचारत राहिला, तिथली मुलं काय बोलतात म्हणून. सोलापुरात अशी संस्था काढा, असं मी म्हणत नाही. पण हजार मुलांच्या शाळेत असं एकच घर असेल, हे मला खरं वाटत नाही. दोन्ही मुलांना विचारून, दोघांची तयारी असेल तर, त्यांची गाठ घालून देणं तुमच्या हातात आहे. थोरलीला अशी एक मुलगी भेटली ती केमोच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर, योगायोगानं. दोघी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसल्या होत्या.

आपल्या जिल्ह्याला कॅन्सरच्या कामात मान आहे. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्या बार्शीत सुरू झाली. बार्शीच्या त्याच मंडळींच्या साथीनं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला, तो २००९ साली जगभर वाचला गेला. खेड्यापाड्यांतल्या, वस्त्यांवरच्या बायका मोजायला आपली माणसं दारोदार गेली. त्या नोंदींत पेशंटचं वय असतं, गाव असतं, कुठला कॅन्सर ते असतं. घरात आठवीतला मुलगा आहे का, हा रकाना नसतो. तो दवाखान्याचा विषय नाही म्हणून सोडून देतात. मग कुणाचा आहे? प्रवेशअर्जात रक्तगट विचारता, आधार विचारता. 'घरात कुणाचं दीर्घ आजारपण आहे का, आणि शाळेत कुणाला सांगावं असं वाटतं' एवढी एक ओळ वाढवा. ऐच्छिक ठेवा. पालक भरणार नाहीत, आम्हीही भरली नसती. म्हणून तीच ओळ वर्षातून एकदा मुलांसमोर वर्गातही बोला, सगळ्यांसमोर, कुणाचं नाव न घेता: असं काही असेल तर या, दार लोटलेलं आहे, कडी नाही.

आणि ट्रीटमेंट संपली म्हणजे संपलं असं धरू नका. माझे केस आले तेव्हा सगळे म्हणाले, आता सगळं छान. मुलांना त्यानंतरच जास्त त्रास झाला. सहा-सहा महिन्यांनी तपासणी असते, तिच्या आदल्या आठवड्यात घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही आणि सगळ्यांची भांडणं होतात. थोरलीनं परवा विचारलं, मलाही होईल का. डॉक्टरांनी सांगितलं ते मी तिला सांगितलं: शंभरातल्या पाच-दहाच जणींना हा स्तनाचा कॅन्सर वारशानं आलेला असतो, आणि आपल्या घरात तसं दिसत नाही. या वेळी सगळं सांगितलं, कागद हातात देऊन.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मापं घ्यायला येते आहे. धाकटा आता दहावीत गेला. जुलैत माझी तपासणी आहे, पहिल्या घटक चाचणीच्या आसपासच येईल, म्हणून त्याच्या वर्गशिक्षकांना आधीच भेटून ठेवायचं आहे. त्याला विचारलं, चालेल का. बराच वेळ बॅटच्या मुठीचं रबर सारखं करत बसला. मग म्हणाला, चालेल, पण सरांना सांग, वर्गात काही बोलायचं नाही. आणि भेटायला बोलवायचं असेल तर पीटीच्या तासाला नको.

आपली,
एक गणवेशवाली, दोन मुलांची आई
सोलापूर